नुसता हार्डनेस विचारू नका

मंडळी, समोर साखर कारखान्यांतली बरीच माणसं दिसतायत, म्हणून बॉयलरच्या आयडी फॅनपासून, म्हणजे भट्टीतला धूर ओढून घेणाऱ्या पंख्यापासूनच सुरुवात करतो. पत्रिकेत विषय आहे 'पृष्ठभागाची कठीणता आणि धातूची झीज'. दोन भाग एकमेकांवर घासून होते ती झीज आज बाजूला ठेवू. हवेतून, पाण्यातून येणाऱ्या कणांच्या माऱ्यानं धातू खाल्ला जातो, त्याबद्दल बोलायचंय.

पाऊस लांबला की उसाच्या मोळीबरोबर रानातली माती कारखान्याच्या गव्हाणीत येते. बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चोथ्याबरोबर, ती भट्टीत जाते. बगॅस जळतं, वाळू जळत नाही. ती धुराबरोबर ट्यूब खात खात फॅनपर्यंत पोचते.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यात फॅनचा इम्पेलर, म्हणजे पाती बसवलेलं फिरतं चाक, दर हंगामात झिजायचा. नाव घेत नाही. नवीन पाती घ्यायची ठरलं, तेव्हा बैठकीत एकच प्रश्न होता : किती एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापानं हार्डनेस किती? ज्यानं साठ सांगितला त्याला ऑर्डर गेली. तिथला जुना वेल्डर म्हणाला होता, "साहेब, सपाटीला चालंल, पण कडंला हे नको, टवके उडतील." त्याचं म्हणणं कुणी कागदावर घेतलं नाही. याचा मला आजही राग येतो. तीस वर्षं तीच पाती भरणाऱ्या माणसाला विचारायचं नाही, तर विचारायचं कुणाला?

ऐन गाळपात फॅन थरथरायला लागला, बेअरिंग तापलं, गाळप थांबलं. झाकण उघडलं तर पात्याची सपाटी जवळजवळ नवी होती. पण धूर जिथं समोरून आदळतो, त्या कडेचे टवके गेलेले. प्रत्येक पात्याचे वेगवेगळे, म्हणून तोल गेला. शेजारी भंगारात जुनं साध्या पोलादाचं पातं पडलं होतं. त्याच्या सपाटीवर बारीक लाटा होत्या, चंद्रभागेच्या वाळवंटात वाऱ्यानं उठतात तशा. कड मात्र गुळगुळीत, बोथट झालेली, पण शाबूत. ही दोन पाती मी तिथल्या पोरांना शेजारी ठेवून दाखवली. कण तिरका आला, पंधरा-तीस अंशांत, तर मऊ धातू तासला जातो. समोरून नव्वद अंशांत आला, तर कठीण पण ठिसूळ थराला चिरा जातात. हार्डनेस तोच, पण कोन बदलला की निकाल उलटा. आणि टेंडरच्या तक्त्यात कोनाला रकानाच नाही!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा आता भरभर सांगतो.

बर्कलीच्या आयन फिनी यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की शुद्ध, मऊ केलेल्या धातूंमध्ये हार्डनेस वाढला की झीज कमी होते. पण तेच पोलाद पाणी देऊन कडक केलं, तर फारसा फरक पडत नाही. कारण कण आदळतो त्या जागी धातू इतका चेपला जातो की आधी कमावलेला कडकपणा हिशेबात राहत नाही.

दुसरं, तुलना वाळूशी करा. वाळूतलं क्वार्ट्झ साधारण 1,100 विकर्स, हे हार्डनेसचं दुसरं माप. तुमचं साठ एचआरसी म्हणजे सुमारे 700 विकर्स. म्हणजे वाळू अजूनही वरचढच. टंगस्टन कार्बाइडचा थर तिला तोंड देतो, म्हणून गाळ येणाऱ्या हिमालयातल्या जलविद्युत टर्बाइनवर तो फवारतात. पण त्यालाही समोरचा मारा सोसतोच असं नाही.

तिसरं, वेग. वेग दुप्पट झाला की झीज चार ते सहा पट होते. मोठा फॅन घेऊन तो सावकाश फिरवला, तर कुठल्याही महागड्या थरापेक्षा जास्त पदरात पडतं.

तेव्हा सपाटीला कठीण थर द्या. कडेला चिवट पोलादाची पट्टी द्या, बोल्टची, हंगाम संपला की बदलता येईल अशी. पुढच्या खरेदीच्या बैठकीला वेल्डरला बोलवा, आणि त्याला खुर्ची द्या. प्रश्न असतील तर बाहेर चहाला विचारा, मी थांबलोय.