आपण नसलेल्या खोलीत

(दृश्य: सकाळची मीटिंग. लांब टेबल, व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे, भिंतीवर घड्याळ. एकेक मेंबर उभा राहून बोलतो आहे.)

निवेदक:
"आमच्याकडे सर्व प्रकारची कामं केली जातात. कुणालाही गरज लागली तर माझं नाव सांगा." टाळ्या. पुढचा उभा राहतो. त्याच्याकडेही सर्व प्रकारची कामं केली जातात.

दर आठवड्याला एक मीटिंग, एका धंद्याचा एकच मेंबर, प्रत्येकाला बोलायला मिनिटभर, आणि शेवटी कुणी किती रेफरल दिले, म्हणजे ओळखीतून किती गिऱ्हाइकं एकमेकांकडे पाठवली, त्याची बेरीज. एकमेकांना धंदा मिळवून देणाऱ्या अशा ग्रुपांमधली मोठी संस्था म्हणजे बीएनआय, बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल. इव्हान मिसनर यांनी ती १९८५ साली अमेरिकेत सुरू केली. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. रोटरीचा पहिला क्लब १९०५ साली शिकागोत निघाला, तेव्हा तिथेही सुरुवातीला एका व्यवसायाचा एकच माणूस घेत आणि सभासद आपसात धंदा करत.

फी भरली, कार्डं वाटली, सहा महिने गेले, आणि मग ऐकू येतं, "ग्रुपमध्ये काही दम नाही." कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा हा माणूस समोर बसलेल्यांनाच गिऱ्हाईक समजून बसलेला असतो. त्यातल्या चौघांनी भिडेखातर काम दिलं, की विहीर आटली.

(दृश्य: जुन्या छापखान्याचं चित्र. लाकडी यंत्र, खिळ्यांचे खण, मेणबत्ती.)

१७२७ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात मित्रांचं एक मंडळ काढलं, जंटो नावाचं. शुक्रवारी संध्याकाळी ते जमत आणि वादविवाद करत. पुढच्या वर्षी फ्रँकलिनने भागीदारीत छापखाना टाकला, तेव्हा हीच मंडळी त्याच्यासाठी कामं मिळवायला लागली. त्यांतला एक जण दस्तऐवजांच्या नकला करून पोट भरायचा. त्याने शब्द टाकला आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासाचे चाळीस ताव छापायचं काम मिळवून दिलं. दर कमी होता.

फ्रँकलिन रोज एका तावाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचा. एका रात्री काम उरकलं असं वाटत असतानाच जुळवलेली दोन पानं विस्कटली. त्याने सगळे खिळे परत खणांत टाकले, पानं नव्याने जुळवली आणि मगच तो झोपायला गेला. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पण मला त्यापुढची हकिकत जास्त मोलाची वाटते. गावातल्या व्यापाऱ्यांच्या एका क्लबात या नव्या छापखान्याचा विषय निघाला. दोन छापखाने आधीच आहेत, तिसरा बुडणार, असं बहुतेकांचं मत पडलं. त्यावर बेअर्ड नावाचे डॉक्टर म्हणाले, की मी क्लबातून घरी जातो तेव्हा हा माणूस कामावर असतो, आणि शेजारी उठायच्या आत पुन्हा कामाला लागलेला असतो. थोड्याच दिवसांत त्या व्यापाऱ्यांपैकी एकाने फ्रँकलिनला कागदसामान पुरवायची तयारी दाखवली.

फ्रँकलिन त्या खोलीत नव्हता. रेफरल जन्माला येतो तो अशाच ठिकाणी. ग्रुपमधला तुमचा मेंबर उद्या कुठेतरी बसलेला असेल, तिथे तुमच्या कामाचा विषय निघेल, आणि तेव्हा त्याच्या तोंडात एक वाक्य तयार असायला हवं.

(दृश्य: पुन्हा मीटिंग. एक वकील उभ्या राहतात.)

"सर्व प्रकारची कामं" हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी बसत नाही. आता या बाई काय म्हणतात ते ऐका. "दोन भागीदारांचं पटेनासं झालंय, असं कुणाकडून ऐकलंत तर माझी आठवण काढा. कोर्टाची पायरी न चढता वाटणी कशी करायची, हे मी बसून ठरवून देते." झालं. उरलेलं अर्धं मिनिट त्या बोलतही नाहीत. पण पुढच्या आठवड्यात कुणीतरी कुरकुरलं, "भागीदार हिशेबच दाखवत नाही," की ऐकणाऱ्याच्या कानात घंटा वाजते. शेवटी आठवण माणसाच्या तक्रारीला चिकटते, धंद्याच्या नावाला नाही.

एक सावधगिरी. चिठ्ठीवर नंबर लिहून देणं म्हणजे रेफरल नव्हे. फोन लावावा आणि पलीकडून "कोण बोलतंय? मी कुणाला काही सांगितलं नव्हतं," असं यावं, हा अनुभव बहुतेक जुन्या मेंबरांनी घेतलेला असतो. बेरीज फुगवायला दिलेल्या अशा चिठ्ठ्यांनी ग्रुप आतून पोखरतो. समोरच्याला गरज आहे, आणि तुमच्या फोनची तो वाट पाहतोय, एवढं तरी जुळलेलं हवं.

(दृश्य: दोन मेंबर, मीटिंगबाहेर, एकमेकांच्या कामाच्या जागी.)

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं होतं, ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? वारंवार, असं सांगणारे १६.७ टक्के. अधूनमधून ५५.६ टक्के. क्वचितच २७.८ टक्के. विषय नोकरीचा आहे, धंद्याचा नाही, पण कारण इथेही लागू पडतं. जवळच्या माणसाला बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. लांबच्याचं वर्तुळ वेगळं असतं.

म्हणून वन-टू-वनला, म्हणजे दोघा मेंबरांच्या स्वतंत्र भेटीत, आपलं ब्रोशर उलगडून बसू नये. समोरच्याचा दिवस कुणाबरोबर जातो, ते विचारावं. वास्तुविशारद, रंगारी, इलेक्ट्रिशियन आणि फर्निचरवाला एकाच घरात वेगवेगळ्या आठवड्यांत शिरतात. त्यांची एकमेकांशी स्पर्धा नाही आणि गिऱ्हाईक एकच. हे चौघे महिन्यातून एकदा नुसते एकत्र बसले, तरी त्यांची फी वसूल व्हावी.

(दृश्य: संध्याकाळ. एक मेंबर गाडीत बसून फोन लावतो.)

"तुम्ही दिलेल्या माणसाला आज भेटून आलो. काम नाही झालं, त्यांचं बजेट बसत नव्हतं. पण तुमचं नाव काढल्यावर त्यांनी तासभर दिला. त्यांना जे हवंय ते आपल्या ग्रुपातले दुसरे करतात, त्यांच्याशी जोडून दिलंय."

पलीकडे क्षणभर शांतता.

"बरं झालं सांगितलंत. मागच्या वेळी एकाला नाव दिलं होतं, त्याने फोनच केला नाही, आणि ते मला गिऱ्हाइकाकडून कळलं." मग कागद चाळल्याचा आवाज. "थांबा, लिहून घ्या. आणखी एक नाव आहे."