पाळण्यापर्यंत न पोचलेलं नाव : हिरकणी

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या नात्यात एक बारसं झालं. मुलगी झाली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटात घुगऱ्या, आणि पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी. नाव काही ठरत नव्हतं. मुलीच्या आईच्या मोबाइलमध्ये भलीमोठी यादी होती, सई, रेवा, इरा, अन्वी, मायरा अशी. सगळी दोन-तीन अक्षरांची, तोंडात घातल्या घातल्या विरघळणारी. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाळाची पणजी बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती बोललीच. म्हणाली, "हिरकणी ठेवा की."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग आत्याला हसू फुटलं. नाव ठेवायचा मान तिचा. ती म्हणाली, "अगं आजी, ती एस.टी.ची गाडी आहे!" सगळ्याच हसल्या. पणजीही हसली. पण घरी येताना ते नाव माझ्या डोक्यातून जाईना. मी तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीच रायगड जिल्ह्यात. शेकडो पोरींची नावं हजेरीपटावर माझ्या हाताने लिहिली. हिरा लिहिलं, हिराबाई लिहिलं, रत्ना, माणिक, मोती, सोनी, सगळं लिहिलं. हिरकणी फक्त एकदा. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

आधी शब्द पाहू. हिरा आणि कणी. कणी म्हणजे बारीक तुकडा. कांडताना तांदूळ मोडला की त्याच्या होतात त्या कण्या. विदुराघरी श्रीकृष्णाने आवडीने खाल्ल्या म्हणतात, त्या ह्याच. भात कच्चा राहिला की आपण म्हणतो, आत कणी राहिलीय. म्हणजे 'कणी' हा पार चुलीजवळचा, गरिबाच्या ताटातला शब्द. आणि त्याच्या पुढ्यात येऊन बसला हिरा! एका नावात राजाचा खजिना आणि कण्यांची पेज शेजारी शेजारी. मला तर हे नाव जमलंय कुणाला, असंच वाटतं.

हिरकणी आकाराने कमी, पण टणकपणात हिऱ्याच्या तसूभरही मागे नाही. काच कापायच्या कलमाच्या टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली असते. एक रेघ ओढली की भलीथोरली काच त्या रेघेवर सरळ दुभंगते. जुन्या गोष्टींत मानी माणसं अपमान झाला की हिरकणी गिळून प्राण देत. म्हणजे शब्द दिसायला नाजूक, पण त्याला धार आहे.

आता, हिरा हे नाव आपल्याकडे काही नवं नाही. गाण्यातल्या हिराबाई बडोदेकर आपल्या रेडिओच्या श्रोत्यांना मी काय सांगायच्या! नाटककार हिराबाई पेडणेकर होऊन गेल्या. आणि खेड्यापाड्यात तर दर दुसऱ्या आळीत एक हिराबाई असायची. गंमत अशी की ही रत्नं बहुतेक अशा घरांत जन्मली, जिथे गुंजभर सोनं नव्हतं. सोनाबाई, रुपाबाई, मोती, माणिक. घरात नसलेलं सगळं आईबापांनी पोरीच्या नावात घातलं. उलटही होतं. पोर जगावं, दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू. म्हणजे एका घरात हिरा आणि धोंडू ही सख्खी भावंडं असायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग त्याच हिऱ्याची कणी मागे का राहिली? ह्याचं उत्तर रायगडावर आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून भरभर सांगते. गडाच्या पायथ्याची एक गवळण. रोज डोक्यावर दूध घेऊन गड चढायची, विकायची, उतरायची. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर झाला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं पोर. पहारेकऱ्यांना विनवलं, पण ते काही बधले नाहीत. तेव्हा ती पश्चिमेकडच्या कड्यावरून, काट्याकुट्यातून, ओरबाडून घेत अंधारात उतरली आणि पोराला जवळ घेतलं. महाराजांना कळलं, त्यांनी तिला बोलावून साडीचोळी दिली, आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं. ही लोककथा आहे. दप्तरातून आलेली नाही, जात्यावरून आणि अंथरुणावरून आलेली आहे. काही सांगणारे तिला नुसतं हिरा म्हणतात, आणि त्या रात्रीनंतर ती हिरकणी झाली, असं धरून चालतात. मला ही दुसरी तऱ्हा जास्त पटते. का ते पुढे येईल.

तुम्ही रायगडावर गेला असाल तर गडाची चार टोकं आठवा. पूर्वेला भवानी टोक, उत्तरेला टकमक, दक्षिणेला श्रीगोंदे आणि पश्चिमेला हिरकणी. टकमक टोकावरून गुन्हेगारांचा कडेलोट व्हायचा. म्हणजे एकाच गडाच्या एका टोकावरून माणसं ढकलली जायची आणि दुसऱ्या टोकावरून एक बाई आपण होऊन उतरली. खाली पायथ्याशी आज हिरकणीवाडी आहे. 1996 साली रोपवे सुरू झाला तो तिथूनच. पाच मिनिटांच्या आत वर. त्या पाळण्यात बसून कड्याकडे पाहिलं की पोटात गोळा येतो, आणि तो दिवसाढवळ्या येतो, बरं का.

मी पोरांना ही गोष्ट सांगायचे तेव्हा एकदा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, बुरूज कशाला बांधला? जिना बांधायचा ना!" वर्ग हसला. मी त्याला उत्तर दिलं, की जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, म्हणून वाट बंद केली. राजा म्हणून महाराजांनी केलं ते चोखच. पहारेकऱ्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं असतं तर त्यांचाच कडेलोट व्हायचा. पण त्या पोराचा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. हिरकणीचा सन्मान कशाने झाला? तिने काढलेली वाट बुजवून. आणि तिचं नाव त्या भिंतीला दिलं.

तेव्हापासून हे नाव वस्तूंना देण्याची जी रीत पडली, ती आजतागायत आहे. एस.टी.ची गाडी घ्या. 1982 साली दिल्लीला एशियाड झालं. त्या स्पर्धांसाठी वापरलेल्या बसगाड्या आपल्या महामंडळाने घेतल्या, आणि लोकांनी त्यांना एशियाड म्हणायला सुरुवात केली. दादर-पुणे एशियाड हा तर एका पिढीचा अख्खा प्रवास आहे. पुढे ह्याच निमआराम सेवेचं नामकरण हिरकणी झालं. नाव छान आहे, घाट उतरणाऱ्या गाडीला तर फारच शोभतं. आमच्याकडचे म्हातारे अजून एशियाडच म्हणतात, ते सोडा. पण तिकिटावर, पाटीवर, स्थानकाच्या भोंग्यावर हिरकणी, हिरकणी, हिरकणी. माणसापेक्षा गाडीचं नाव म्हणूनच ते जास्त वेळा कानावर पडायला लागलं. बारशाला आत्या हसली, त्यात तिचा दोष नाही.

मग आला हिरकणी कक्ष. बसस्थानकात, सरकारी कचेरीत, आईने बाळाला आडोशाला बसून पाजावं म्हणून केलेली खोली. कल्पना उत्तम. ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याला माझा नमस्कार, कारण नाव वाचलं की खोली कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. एवढं काम चार अक्षरांनी करावं, ही थोडकी गोष्ट नाही. खोलीचं म्हणाल तर ती कुठे छान आहे, कुठे तिला कुलूप आहे आणि किल्ली जेवायला गेलेल्या माणसाच्या खिशात आहे. 2022 च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या. वर्तमानपत्रांत फोटो झळकले आणि लगोलग विधानभवनात हिरकणी कक्ष सुरू झाला. पुढच्या, मुंबईच्या अधिवेशनात त्या पुन्हा बाळाला घेऊन आल्या, तर कक्षात धूळ, सोय काही नाही, अशी त्यांचीच तक्रार होती. कायदे होतात तिथली ही गोष्ट. तालुक्याच्या स्थानकाबद्दल मग काय बोलायचं?

तर बुरूज झाला, गाडी झाली, खोली झाली. बक्षिसांना हे नाव मिळालं, सरकारी योजनांना मिळालं. एखादी पोलीस बाई कडेवर पोर घेऊन बंदोबस्ताला उभी राहिली, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला, 'आधुनिक हिरकणी'. आणि इथे मला वाटतं त्या नावाची गोम आहे. हिरकणी आता नाव राहिलं नाही, ती पदवी झाली. पदवी पाळण्यात कशी देणार? सावित्री हे नाव आपण मुलीला देतो, कारण सावित्री आधी मुलगी होती, राजकन्या होती, तिने आपला नवरा आपण निवडला. गोष्टीत तिला लहानपण आहे. जिजाऊंना सिंदखेड आहे, रंगपंचमी आहे. हिरकणीच्या गोष्टीत असं काही नाही. ती सुरू होते तीच आई म्हणून. त्याआधी ती कुणाची लेक होती, झाडावर चढायची का, त्या कड्यावर शेरडं वळताना तिला ती वाट लहानपणीच कळली होती का, हे कुणी सांगत नाही. मला विचाराल तर कळलीच असणार. अनोळखी कडा रात्री उतरवत नाही. मायेने बळ येतं हे खरं, पण पाय कुठे ठेवायचा हे माया सांगत नाही, ते सवय सांगते. त्या बाईचं ते कसब आपण गोष्टीतून पार पुसून टाकलं आणि नुसता पान्हा ठेवला.

आणखी एक कारण मला पूर्वी वाटायचं, की 'ण' आडवा येत असेल. आता पोरं न्यू जर्सीला जातात, तिथे 'ण' कुणाला म्हणता येतो? हिरकणीची हिरकनी होणार. पण मग रोहिणी, प्रेरणा, कल्याणी, मृणाल ह्या कशा पार पडल्या? तेव्हा ते कारण मी सोडून दिलं. चार अक्षरंही फार नाहीत, मधुरिमा नाही का चालत?

आता ती हजेरीपटावरची हिरकणी. गावाबाहेरच्या वस्तीवरची पोर, दुधाचाच धंदा घरी. घरात सगळे हिरू म्हणत. पहिलीत आली तेव्हा मीच हौसेने पूर्ण नावाने हाक मारायची, आणि सगळा वर्ग मागे वळून पाहायचा. तिसरीत पोरं तिला बघून भोंगा वाजवायला लागली. "हटा हटा, हिरकणी आली!" रडली नाही ती. पण चौथीत येऊन म्हणाली, "बाई, मला हिरूच म्हणा." मी म्हटलं, "अगं, केवढं मोठं नाव आहे तुझं, बुरूज आहे ह्या नावाचा." ती म्हणाली, "तेच तर."

गेल्या पावसाळ्यात ती मला बसस्थानकावर भेटली. आता नोकरी करते, लग्न अजून नाही. मी चटकन ओळखलं नाही, तिनेच वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "काय गं, हिरू म्हणतात की हिरकणी?" म्हणाली, "कागदावर हिरकणी. पण बाई, नाव सांगितलं ना, की नवी माणसं पहिलं विचारतात, बाळ किती महिन्यांचं?" आणि हसत सुटली. मी विचारलं, नाव बदलून घ्यायचं नाही वाटलं कधी? राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं. तर म्हणाली, एकदा अर्ज आणला होता, भरलाही होता. मग त्या रविवारी मैत्रिणींबरोबर रायगडावर गेली. हिरकणी बुरुजाच्या भिंतीवर हात ठेवून खाली वाकून पाहिलं. मैत्रिणी फोटो काढत होत्या, आणि ही आपली बघत होती, की उतरायचं झालं तर पहिला पाय कुठे ठेवता येईल.

"मग?" मी विचारलं.

"सापडली जागा," म्हणाली. "भिंत नसती तर."

तेवढ्यात तिची गाडी लागली. साधी लाल गाडी होती. अर्जाचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.

नमस्कार.