नायिका कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार. स्मिता पाटील यांच्याविषयी बोलायचे म्हटले की मला त्यांच्या पुरस्कारांच्या आधी एक किस्सा आठवतो, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'चे चित्रीकरण गुजरातेतल्या एका खेड्यात चालले होते. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला हा चित्रपट. त्यात बिंदू ही गावातली दूधवाली स्मिता यांना साकारायची होती, म्हणून काम नसले की त्या गावातल्या बायकांमध्येच जाऊन बसत. एकदा चित्रीकरण पाहायला आलेल्या काही मंडळींनी विचारले, नायिका कुठे आहे? कुणीतरी बायकांच्या त्या घोळक्याकडे बोट दाखवले, तर पाहुण्यांना ते पटेचना. आपली थट्टा चालली आहे, असेच त्यांना वाटले म्हणतात. लक्षात घ्या, श्रोतेहो, नायिका समोर बसली होती आणि तरीही ती कुणाला दिसत नव्हती. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी, पुण्यात वाढलेली ही मुलगी त्या बायकांत इतकी मिसळून गेली होती. आजच्या मालिकांत पहाटे चुलीपुढे बसलेल्या सुनेच्या पदरालाही कडक इस्त्री असते. ते पाहिले की मला आपला रेडिओच बरा वाटतो.

घोळक्यात न दिसणारी हीच बाई पडद्यावर मात्र नजर हटू देत नसे. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या 'भूमिका'साठी आणि पुढे झोपडपट्टीतले जगणे दाखवणाऱ्या 'चक्र'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जब्बार पटेल यांच्या 1982 सालच्या 'उंबरठा'तली सुलभा आपल्याकडच्या कितीतरी घरांत वादाचा विषय झाली असेल, कारण महिलाश्रमाची नोकरी करण्यासाठी ती मुलीला सासरी ठेवून निघते आणि चित्रपट त्याबद्दल तिला माफी मागायला लावत नाही. मला विचाराल तर तीच त्यांची सर्वांत अवघड भूमिका, कारण तिथे दारिद्र्याचा आधार नाही, फाटके लुगडे नाही. जे काही आहे ते चेहऱ्यावर.

13 डिसेंबर 1986 रोजी, अवघ्या 31व्या वर्षी त्या गेल्या. केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' त्यानंतर प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस मिरचीच्या कारखान्यातल्या बायका सुभेदारावर तिखट उधळतात, आणि त्या लाल धुरळ्यात स्मिता यांची सोनबाई हातात विळा घेऊन उभी असते.