विंडोजचं लायसन्स राहतं कुठे?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घराघरांतले, शाळांतले, दुकानांतले संगणक विंडोज ११ वर न्यायची घाई त्यामुळेच सुरू झाली. त्या घाईत एक चूक पुन्हा पुन्हा होते. संगणक समोर येतो, पेनड्राइव्ह लागतो, फॉरमॅट मारला जातो, नवी विंडोज बसते आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं येतात. मग लायसन्सची शोधाशोध सुरू होते. पण तोवर जुनी विंडोज पुसली गेलेली असते, आणि आधी कुठलं लायसन्स होतं ते सांगणारं कोणी उरलेलं नसतं. म्हणून आजचा माझा सगळा भर फॉरमॅटच्या आधीच्या अर्ध्या तासावर आहे.

पहिला प्रश्न असा की, लायसन्स नेमकं राहतं कुठे? हार्ड डिस्कवर, असं बहुतेकांना वाटतं. तसं ते सहसा नसतं. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये २५ अक्षरांची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डाच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेली येते. डिस्क बदलली, पूर्ण पुसली, तरी ती जागेवर असते, आणि विंडोज बसवणारा सेटअप प्रोग्राम ती स्वतःच वाचून घेतो. विंडोज ७ च्या काळात असं नव्हतं. तेव्हा मशीनच्या अंगावर स्टिकर असायचा आणि आत बसवलेली की बहुतेक वेळा स्टिकरवरच्या कीपेक्षा वेगळी, त्या कंपनीच्या सगळ्या मशीनना मिळून एकच असायची.

दुसरा प्रकार डिजिटल लायसन्सचा. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली आणि ७ किंवा ८.१ वरून मोफत अपग्रेड मिळालं. त्या वेळी तुमच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली गेली. ही नोंद हेच तुमचं लायसन्स. तुमची अशी वेगळी की तिथे नसतेच. त्यामुळे की शोधून देणारी जी छोटी सॉफ्टवेअर लोक चालवतात, ती अशा मशीनवर एक की दाखवतात, माणूस ती वहीत जपून लिहून ठेवतो, आणि तिचा काहीच उपयोग नसतो. ती जगभर सगळ्यांना सारखीच असलेली सामान्य की असते. शेवटची पाच अक्षरं ‘३व्ही६६टी’ असतील तर विंडोजच्या प्रो आवृत्तीची, ‘८एचव्हीएक्स७’ असतील तर होम आवृत्तीची. ही अक्षरं दिसली की समजावं, खरं लायसन्स सर्व्हरवरच्या नोंदीत आहे.

आता तपासणी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि एसएलएमजीआर टाइप करून, एक जागा सोडून, तिरकी रेघ (/) आणि डीएलव्ही असं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. जी चौकट येते तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीत तीन गोष्टी बघायच्या: एडिशन म्हणजे आवृत्ती कुठली, चॅनेल म्हणजे लायसन्स आलेला मार्ग कुठला आणि कीची शेवटची पाच अक्षरं. चॅनेलच्या जागी ‘ओईएम डीएम’ (मशीन बनवणाऱ्या कंपनीने घातलेलं लायसन्स) असेल तर की मदरबोर्डमध्ये आहे आणि मदरबोर्ड असेपर्यंत काळजी नाही. ‘रिटेल’ असेल तर थोडं थांबायचं. दुकानातून वेगळ्या विकत घेतलेल्या विंडोजच्या डब्याचं लायसन्स रिटेल असतं, पण मोफत अपग्रेडमधून आलेलं डिजिटल लायसन्ससुद्धा इथे रिटेल म्हणूनच दिसतं. मूळ लायसन्स लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम असेल, तर इथे काहीही लिहिलेलं असो, ते दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. विकत घेतलेलं रिटेल नेता येतं, मात्र एका वेळी एकाच मशीनवर.

‘व्हॉल्यूम’ (संस्थेने एकगठ्ठा घेतलेलं लायसन्स) हा शब्द दिसला तर आणखी एक कमांड चालवायची. पुन्हा एसएलएमजीआर, एक जागा, मग तिरकी रेघ आणि एक्सपीआर. उत्तर ‘कायमस्वरूपी ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाचं असलं तर ठीक. अमुक तारखेला मुदत संपेल असं आलं, तर मशीन केएमएस पद्धतीने चालू आहे. मोठ्या कार्यालयात ही पद्धत कायदेशीर आणि चांगली आहे. कार्यालयाचा स्वतःचा सर्व्हर असतो, निदान २५ मशीन त्याला विचारणा करू लागल्याशिवाय तो विंडोजच्या मशीनना ॲक्टिव्हेट करत नाही, एकदा दिलेली मुदत १८० दिवस चालते आणि मशीन दर ७ दिवसांनी ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. सहा महिने कार्यालयाच्या नेटवर्कवर न आलेला लॅपटॉप अचानक अनॲक्टिव्हेट होतो तो यामुळे. त्याला नवी की लागत नाही. कार्यालयात किंवा व्हीपीएनवर (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीवर) आणून एसएलएमजीआर, तिरकी रेघ एटीओ ही कमांड दिली की पुरतं.

पण घरच्या एकट्या संगणकावर केएमएस दिसलं तर अर्थ सरळ आहे: कुणीतरी ॲक्टिव्हेटर नावाचं चोरीचं सॉफ्टवेअर चालवलेलं आहे. ते चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्याबरोबर आत काय आलं हे मालकाला कळत नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार चालू असतील तर लायसन्सचा प्रश्न दुय्यम आहे. डेटा बाजूला काढा, डिस्क पूर्ण पुसा, नव्याने विंडोज टाका आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. आनंदाची गोष्ट अशी की कंपनीचा लॅपटॉप असेल तर पुष्कळदा मदरबोर्डमध्ये अस्सल की पडून असते आणि स्वच्छ इन्स्टॉलनंतर तो आपोआप ॲक्टिव्हेट होतो. ॲक्टिव्हेटरची गरज मुळात नव्हतीच.

सगळ्यात जास्त घोळ एडिशनमुळे होतो, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे विकले जाणारे बरेच लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’ या एडिशनचे असतात. होम वेगळी, होम सिंगल लँग्वेज वेगळी, प्रो वेगळी. एकीचं लायसन्स दुसरीला चालत नाही. सेटअपमध्ये यादी आली आणि हाताला येईल ती ‘होम’ निवडली, तर अस्सल लायसन्स असूनही मशीन ॲक्टिव्हेट होणार नाही. उलट प्रकारही घडतो. लॅपटॉप आला होमचा, मालकाने पैसे भरून प्रो केली, पुढे फॉरमॅट मारला. सेटअप मदरबोर्डमधली होमची की वाचतो आणि न विचारता होम बसवतो. प्रो गेली असं वाटतं, पण गेलेली नसते. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन प्रोची स्वतःची की असेल तर ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये टाकायची. प्रो डिजिटल लायसन्सवर असेल तर तिथलाच ट्रबलशूटर (अडचण शोधणारा प्रोग्राम) चालवायचा. त्या हार्डवेअरच्या नावावर प्रोची नोंद आहे हे तो ओळखतो आणि योग्य एडिशनकडे कसं जायचं ते दाखवतो. होमवरून प्रोवर असं चढता येतं. प्रोवरून होमवर उतरायचं असेल तर मात्र नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

मदरबोर्ड बदलायचा असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बदललं, तर सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने मशीनच नवं. म्हणून जुना बोर्ड चालू असतानाच मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करा. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स खात्याशी जोडलेलं आहे’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं पाहिजे. बोर्ड बदलल्यावर ट्रबलशूटरमध्ये ‘या मशीनचं हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय येतो, त्याच खात्याने लॉग-इन करून यादीतून जुनं मशीन निवडायचं. बोर्ड जळून गेल्यावर हे जोडता येत नाही. आणि लॅपटॉपला बाजारातून वापरलेला बोर्ड टाकला, तर त्याच्या पोटात त्याची स्वतःची की असते, कदाचित वेगळ्या एडिशनची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बोर्ड बदलून घेताना हे आधी विचारून घेतलेलं बरं.

एरर कोडचं थोडक्यात सांगतो. कोड लांबलचक असतो, शेवटची चार अक्षरं बघा. एफ०५० म्हणजे की चुकीची आहे किंवा चुकीची टाइप झाली. बी आणि आठ यांची गल्लत तपासा. सी००८ म्हणजे की दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. रिटेल असेल तर जुन्या मशीनवर एसएलएमजीआर, तिरकी रेघ यूपीके देऊन ती काढा, मग नव्यावर टाका. तरीही अडलं तर एसएलयूआय ४ ही कमांड द्या. ती ६३ अंकांचा क्रमांक दाखवते, त्याच्या बदल्यात मायक्रोसॉफ्टकडून ४८ अंकांचा क्रमांक मिळतो, तो भरायचा. सी००३ म्हणजे की ब्लॉक केलेली. पाचसातशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीचा शेवट अनेकदा इथे होतो, कारण त्या कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या असतात आणि तो कोटा गैरवापरात सापडला की सगळ्या एकदम बंद पडतात. एफ०६१ म्हणजे अपग्रेडची की रिकाम्या डिस्कवर टाकली. एफ२१३ आणि ७००१ बहुधा हार्डवेअर बदलल्यावर येतात. एफ०७४ म्हणजे केएमएस सर्व्हर सापडत नाही.

विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की आता चालत नाही, हेही नीट लक्षात घ्या. मोफत अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती, पण पुढे सात वर्षं त्या की नव्या विंडोजला चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ता बंद केला. जुने व्हिडिओ बघून कुणी अजून स्टिकर खरवडून की टाकत असेल तर वेळ जाईल. मात्र ज्या मशीनवर पूर्वी १० ॲक्टिव्हेट झालेली आहे, तिथे त्याच एडिशनची ११ त्याच लायसन्सवर मोफत चालते, स्वच्छ इन्स्टॉल केली तरी.

शाळांच्या लॅबसाठी दोन शब्द. विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचं लायसन्स आहे. खाली प्रत्येक मशीनला मूळ अस्सल विंडोज, साधारणपणे प्रो, असावी लागते. रिकामे असेंबल केलेले ३० पीसी घेऊन त्यांवर फक्त व्हॉल्यूम की टाकली तर ॲक्टिव्हेट होईल, पण ऑडिटमध्ये ते टिकणार नाही. टेंडरमध्येच ‘प्रो प्रीइन्स्टॉल’ लिहा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: नेट चालू आहे, की अस्सल आहे, तरी ॲक्टिव्हेशन होत नाही. आधी घड्याळ बघा. जुन्या पीसीतला सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला की दर वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. सेल बदला, तारीख आणि टाइम झोन नीट करा, मग एटीओ द्या.

दुसरी चिठ्ठी: सेकंडहँड लॅपटॉपवर विंडोज टाकली, तर सेटअप एका कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागतो. हा लायसन्सचा प्रश्न नाही. त्या मशीनची नोंद जुन्या कंपनीच्या ऑटोपायलट (कंपन्यांची मशीन नेटवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सोय) यादीत अजून आहे आणि फॉरमॅट कितीही मारला तरी ती पुसत नाही. कंपनीच्या आयटी विभागानेच ती काढायची असते. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर मशीन नेटला जोडा, रीसेट करा आणि सेटअप पहिल्या लॉग-इनच्या पडद्यापर्यंत नेऊन बघा.