सहा वर्षांची दाढ दुधाची नसते

नमस्कार. चिठ्ठ्या वाचल्या, आणि बऱ्याच पालकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की दुधाचे दात पडणारच आहेत तर किडले म्हणून त्यांच्यावर खर्च कशाला करायचा? आज मला मुख्य बोलायचंय ते ह्याच्यावरच.

पुढचे दात सहा-सात वर्षांना पडायला लागतात हे बरोबर, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा त्यांनीच धरून ठेवलेली असते. ती लवकर काढून टाकावी लागली तर शेजारची दाढ पुढे सरकते, मग पक्का दात वाकडा येतो आणि तारा लावायची वेळ येते. शिवाय दुखतंय म्हणून पोर जेवत नाही, रात्री झोपत नाही, ते वेगळंच.

आता ह्याहून महत्त्वाचं. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते, वर दोन खाली दोन. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही म्हणून ती आलेली घरात कोणाला कळतही नाही, आणि किडली तरी आईवडील म्हणतात दुधाचीच असेल, पडेल. ती पडत नाही हो! ती आयुष्यभरासाठी आहे. आज घरी गेल्यावर मोबाईलचा टॉर्च लावा, समोर मधोमध बोट ठेवा आणि एका बाजूने मागे मोजत जा. पाचपर्यंत दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले दात, आणि सहावी मोठी दिसते ती पक्की. वर येताना ती बाकीच्यांपेक्षा खाली असते म्हणून ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो, आणि खाचा एवढ्या खोल की बिस्किटाचा लगदा तिथे अडकून बसतो. तर ब्रश आडवा धरून, गालाच्या बाजूने आत घालून तेवढी दाढ वेगळी घासायची. डेंटिस्टकडे ह्या खाचांमध्ये सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून मिळतं, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, मला विचाराल तर किडायच्या आधी करून घ्याच.

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा जास्त गरजेचा, कारण झोपेत लाळ कमी होते. म्हणूनच साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका, वरचे पुढचे दात त्यानेच काळे पडतात. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच करून द्यायचा, त्यांच्या हाताला तेवढं वळण नसतं.

एका आजींनी विचारलंय वरची दाढ काढली की नजर जाते का. नाही आजी, डोळ्याच्या नसेचा दाढेशी संबंध नाही, निर्धास्त काढा. पण मशेरी मात्र सोडा, तो भाजलेला तंबाखूच आहे, त्याने तोंडाचा कॅन्सर होतो, आणि नातवाची दाढ दुखतेय म्हणून त्याला तर कधीच लावू नका, तिथूनच सवय लागते.

शेवटची चिठ्ठी, खेळताना पक्का दात अख्खा निघून पडला तर काय करायचं. मुळाला हात लावू नका, पांढऱ्या बाजूने धरा, माती असेल तर हलकंच धुवा, घासू नका, जमलं तर लगेच त्याच जागेत बसवा, नाहीतर थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचा. पण दुधाचा दात असा पडला तर तो परत बसवायचा नसतो, मुलाला मात्र दाखवून आणा.