लाटसाहेबाच्या बागेत

(दृश्य: पावसाळी सकाळ. मुख्य इमारतीसमोरची बाग. मागे मोर ओरडल्याचा आवाज.)

सकाळचे साडेसात वाजलेत. रात्री पाऊस पडून गेलाय. माती भुसभुशीत आहे, तण मुळासकट हाताला येतंय. समोर आठ-दहा मुलंमुली वाफ्याच्या कडेला उकिडवी बसलीयत. पायात स्लीपर, हातात खुरपं. सॅका मात्र ओल लागू नये म्हणून झाडाच्या बेचक्यात अडकवल्यात. त्या सॅकांत जर्नल आहेत, कारण दहा वाजता यांतल्या निम्म्यांचं प्रॅक्टिकल आहे.

लांबून बघणाऱ्याला ही रोजंदारीवरची माणसं वाटतील. पण हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत, 'कमवा आणि शिका' योजनेतले. कुणी बागेत, कुणी ग्रंथालयात, कुणी एखाद्या विभागाच्या कार्यालयात दिवसाचे काही तास काम करतं. तासांप्रमाणे पैसे मिळतात, महिन्याची मेस त्यातून सुटते.

ही मुलगी अकोले तालुक्यातली. वनस्पतीशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. तिचा हात बघा. साधं तण ती सरळ ओढून काढते. लव्हाळा दिसला की मात्र थांबते, खुरप्याचं टोक खोल घालते, आणि खालची गाठ बाहेर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती गाठ मातीत राहिली तर आठवड्यात लव्हाळा पुन्हा उभा राहतो. हे तिला शेतावर आईनं शिकवलं. त्या गाठीला शास्त्रात काय म्हणतात ते तिला इथं वर्गात कळलं. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच ठाऊक आहेत, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

तिच्या मागे जी मनोऱ्याची इमारत दिसते, ती बांधली गेली तेव्हा या बागेत तिच्यासारखीला पाऊल टाकता आलं नसतं.

(दृश्य: कॅमेरा मनोऱ्यावरून हळूहळू खाली येतो. कमानी, व्हरांडे, फरशी.)

हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. आपल्याकडच्या बोलीत लाटसाहेबाचा बंगला. मुंबईच्या पावसाला कंटाळलेले गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला येत. सर बार्टल फ्रिअर यांनी 1864 मध्ये गणेशखिंडीत हे काम सुरू केलं, वास्तुरचनाकार होते जेम्स ट्रबशॉ. काम संपायला 1871 उजाडलं. खर्च इतका वाढला की लंडनच्या संसदेतही त्यावर बोट ठेवलं गेलं. त्या काळात कापसाच्या तेजीनं मुंबई इलाख्यात पैसा खेळत होता. पुढे ती तेजी कोसळली, पण बंगला उभा राहिला.

आता 1897 सालाकडे येऊ. या वास्तूची गोष्ट सांगताना मी दर वेळी याच सालापाशी अडखळतो.

पुण्यात प्लेगची साथ होती. शहराच्या एका टोकाला, हडपसरजवळच्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि त्यांच्या आई सावित्रीबाई रुग्णसेवेला लागल्या होत्या. मुंढव्याचा एक आजारी मुलगा त्यांनी स्वतः पाठीवर घालून दवाखान्यात आणला. त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्याच साथीच्या बंदोबस्तासाठी नेमलेला अधिकारी म्हणजे रँड. त्याच्या सोजिरांनी घरंदारं उचकून लोकांना नकोसं केलं होतं. 22 जूनच्या रात्री याच बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. तो आटोपून रँड बग्गीतून निघाला. गणेशखिंडीच्या रस्त्यावर अंधारात चापेकर बंधू वाट बघत होते. 'गोंद्या आला रे' ही त्यांची खूण पुण्यात अजून पोराटोरांना पाठ आहे. रँडवर गोळी झाडली गेली, मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड 3 जुलैला.

एकच साथ, एकच साल. बंगल्यात राणीच्या नावानं रोषणाई झाली, आणि साडेतीन महिन्यांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई रुग्णांची सेवा करताना गेली होती. 2014 मध्ये पुणे विद्यापीठाच्या नावात त्या बाईंचं नाव आलं. आज त्यांचा पुतळा याच आवारात उभा आहे. बागेतल्या मुली काम संपवून त्याच्यासमोरून वर्गाकडे जातात.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मग आजचं मुख्य प्रवेशद्वार, पीएमपीएमएलच्या बस.)

पुणे विद्यापीठाचा जन्म 10 फेब्रुवारी 1949 चा. त्याआधी पुण्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. सुरुवातीचे काही महिने कामकाज भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमधून चाललं आणि जूनमध्ये विद्यापीठ या बंगल्यात आलं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी ही जागा मिळावी म्हणून जोर लावला होता. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे 411 एकरांचा परिसर विद्यापीठाच्या नावावर झाला. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि लाटसाहेबाच्या जेवणघरांतून, व्हरांड्यांतून परीक्षांचे कागद फिरू लागले. याच वास्तूतल्या एका सभागृहाला आज संत ज्ञानेश्वरांचं नाव आहे.

सुरुवातीला बारा जिल्हे या विद्यापीठाकडे होते. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, 1990 मध्ये जळगावचं विद्यापीठ वेगळं निघालं आणि पुणे, नगर, नाशिक हे तीन जिल्हे उरले. तीनच म्हटले तरी पसारा प्रचंड आहे. फर्ग्युसन कॉलेज 1885 चं, म्हणजे विद्यापीठापेक्षा चौसष्ट वर्षांनी थोरलं. एसपी 1916 चं, नाशिकचं एचपीटी 1924 चं, वाडिया 1932 चं, अहमदनगर कॉलेज 1947 चं. थोरली भावंडं आधी जन्मली आणि आई नंतर घरात आली, असा हा संसार आहे.

पुण्यात कुणी 'मी विद्यापीठात शिकतो' म्हणालं, तर तो गणेशखिंडीतल्या विभागांत एम.ए., एम.एस्सी. करतोय असं धरायचं. बाकीचे 'मी एसपीला', 'मी मॉडर्नला', 'मी गरवारेला' असं म्हणतात. विद्यापीठाशी त्यांची भेट फक्त निकालाच्या दिवशी, मायग्रेशन काढताना किंवा एटीकेटीचा फॉर्म भरताना. पण त्यांच्या सगळ्यांच्या पदवीवर शिक्का याच मनोऱ्याचा.

(दृश्य: आयुकाचं आवार. फूको लंबक.)

परिसराच्या एका बाजूला आणखी एक जग आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, इमारत चार्ल्स कोरिआंची. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी इथं शाळेतल्या मुलांसाठी व्याख्यानं होतात. बाहेर दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, आत मराठीत ताऱ्यांच्या गोष्टी. नारळीकर सर 20 मे 2025 ला गेले, त्यांनी लावलेला हा शिरस्ता माझ्या लेखी फार मोलाचा आहे. शेजारीच एनसीआरए, रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र. त्यांची दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, टोमॅटोच्या शेतांच्या शेजारी. आणि इथूनच जवळ सी-डॅक ही संगणक संशोधनाची संस्था, जिथं परम हा महासंगणक घडला, 1991 साली.

आपली अकोले तालुक्यातली मुलगी पहिल्यांदा पुण्याला आली, तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. वाकडेवाडीच्या स्टँडवर ती उतरली ती एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. तिला एकच काळजी होती, हॉस्टेल लागेल का.

(दृश्य: वसतिगृहाचा जिना. दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. दारामागे चिकटवलेलं वेळापत्रक.)

इथं जरा थांबूया, कारण विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात वसतिगृहाला एक परिच्छेद मिळतो आणि मुलांच्या आयुष्यात ते निम्मं विद्यापीठ असतं.

खेड्यातल्या मुलीला हॉस्टेल लागलं की बाप सही करतो. नाही लागलं की लग्नाची बोलणी सुरू होतात. इतकं सरळ आहे ते. पुण्यात बाहेर कॉट बेसिसवर राहायचं तर डिपॉझिट, भाडं, मेस, हे गणित दोन एकर कोरडवाहूत बसत नाही. म्हणून यादी लागते त्या दिवशी नोटीस बोर्डासमोर जी शांतता असते, तशी मी परीक्षेच्या निकालालाही पाहिलेली नाही. बोटं यादीवरून खाली सरकतात, एका नावापाशी थांबतात, आणि मग फोन कानाला लागतो. घरी कळवायचं असतं.

ज्यांचं नाव नसतं त्यांतली काही मुलं मित्राच्या खोलीत राहतात. त्यांना इथं 'पॅरासाईट' म्हणतात. शब्द कडू आहे, पण वापरणारे तो मायेनं वापरतात. दोघांची खोली, त्यात तिसरा जमिनीवर गादी टाकून. रेक्टर फेरीला निघाले की ती गादी कॉटखाली जाते. नियमात हे बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण याच गाद्यांवर झोपून किती जण नेट-सेट या प्राध्यापकीच्या परीक्षा पास झाले, किती जण तहसीलदार झाले, ते आपल्या गावातल्या कुणालाही विचारा. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पोराला शिकायचंय त्याला खोली मिळालीच पाहिजे, आणि खोल्या कमी पडत असतील तर त्या बांधल्या पाहिजेत. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांबद्दलही हेच. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत कंत्राटावर, तासिकेवर शिकवणारे शिक्षक जीव ओतून शिकवतात, पण पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यांनाच ठाऊक नसतं. अशा शिक्षकाच्या हाताखाली पाच वर्षांची पीएच.डी. कशी करायची?

(दृश्य: रिफेक्टरी. स्टीलच्या ताटांचा आवाज.)

दुपारी एक. रिफेक्टरीची रांग दारापर्यंत आलीय. पोळी, उसळ, भात, आमटी. नाशिककडचा तिखट मागतो, मराठवाड्यातला म्हणतो भाकरी असती तर, आणि टेबलाच्या टोकाला बसलेला परदेशी विद्यार्थी गेल्या वर्षीच शिकलेल्या मराठीत 'भाऊ, थोडी आमटी' म्हणतो. दूर आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून आलेली मुलं इथं पूर्वीपासून शिकताहेत. दुपारच्या या अर्ध्या तासात कुठल्याही विषयावर भांडण होऊ शकतं. आरक्षण, क्रिकेट, एमपीएससीचा नवा पॅटर्न, गाईडनं परत पाठवलेलं प्रबंधाचं प्रकरण. भांडण अर्धवट राहिलं तर ते उचलून अनिकेत कँटीनला नेतात आणि कटिंगवर पुढे चालू ठेवतात.

तिकडे शहरातल्या कॉलेजांत ऑगस्ट लागला की वेगळीच घाई असते. 1963 पासून चालू असलेली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक. लेक्चर बुडतात, सबमिशन राहतं, घरी खोटं सांगितलं जातं, आणि भरत नाट्य मंदिराच्या बाहेर घसा फाटेस्तोवर एकच आरोळी, 'अरे आव्वाज कुणाचा?' मराठी रंगभूमीची किती माणसं या आरोळीतून आत शिरली. विद्यापीठाच्या आवारातलं ललित कला केंद्र त्याच वाटेवरचं पुढचं घर. सतीश आळेकरांसारख्या नाटककारानं ते अनेक वर्षं सांभाळलं. दुपारी झाडाखाली तिथली मुलं आवाजाचे व्यायाम करतात आणि शेजारच्या विभागात बसलेल्यांना लेक्चरमध्ये मधूनच तानपुरा ऐकू येतो.

(दृश्य: संध्याकाळ. जयकर ग्रंथालय. सायकली, चपलांची रांग.)

संध्याकाळी सहानंतर गर्दी जयकर ग्रंथालयाकडे वळते. नाव आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र झालंय, पण अजूनही सगळे 'जयकर' एवढंच म्हणतात. 'कुठायस?' 'जयकरला.' पुढे काही विचारायची गरज पडत नाही.

अभ्यासिकेत प्रत्येकाची जागा ठरलेली. जागेवर नाव लिहिलेलं नसतं, तरी ती कुणाची हे सगळ्यांना माहीत असतं. टेबलावर पाण्याची बाटली, तीन रंगांचे पेन, स्पर्धा परीक्षेच्या लक्ष्मीकांतची कडा मऊ पडलेली प्रत, आणि मोबाईल पालथा. पंख्याची घरघर सोडली तर आवाज नाही. कुणी उठलं तर खुर्ची उचलून मागे ठेवतं, ओढत नाही. हा नियम कुणी लिहून लावलेला नाही, नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात आपोआप कळतो.

आपली मुलगी खिडकीजवळ बसलीय. तिच्यासमोर दोन वह्या आहेत. एक वर्गातली, इंग्रजीत. दुसरी तिची स्वतःची. त्यात डावीकडे शास्त्रीय नाव आणि उजवीकडे तिच्या गावात त्या झाडाला काय म्हणतात ते. काही ओळींत उजवी बाजू कोरी आहे. त्या ती दिवाळीत घरी गेली की आजीला विचारून भरणार आहे.

(दृश्य: रात्र. ग्रंथालयाच्या खिडक्यांतला उजेड, पलीकडे मनोरा अंधारात.)

साडेनऊला ती उठते. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झालाय. छत्री एक आणि मैत्रिणी तीन, म्हणून पुस्तकं मधलीच्या हातात देतात आणि तिघी वसतिगृहाच्या दिशेनं चालू लागतात. वाटेत तो वाफा लागतो, सकाळचा. ती क्षणभर वाकते, मोबाईलचा उजेड पाडते, आणि सुटलेला एक लव्हाळा गाठीसकट उपटून रस्त्याच्या कडेला टाकते.