ऑपरेशननंतरचा विसर: दोष एकट्या भुलीचा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

“ऑपरेशन छान झालं, पण बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत.” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यापाठोपाठ दुसरं येतंच: “भुलीचा डोक्यावर परिणाम झाला.” पहिल्यात तथ्य आहे. दुसरं मात्र जरा तपासून घेऊ.

शंका जुनीच आहे. १९५५ साली बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली होती. मोठी पाहणी झाली ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. साठीपुढचे १,२१८ रुग्ण, हृदय सोडून इतर मोठ्या शस्त्रक्रिया. आठवड्याभरानं सुमारे २६ टक्के रुग्णांची स्मरणशक्ती, एकाग्रता घसरलेली आढळली. तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांची. शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे बहुतेक जण सावरतात, पण सगळेच नाही.

संशोधकांचा संशय होता तो ऑक्सिजन कमी पडण्यावर आणि रक्तदाब उतरण्यावर. त्यांचा संबंध दिसलाच नाही! पहिल्या आठवड्यात वय, लांबलेली भूल, कमी शिक्षण, दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग आणि श्वसनाची गुंतागुंत यांचा संबंध दिसला. तीन महिन्यांनी उरलं ते वय.

मग मणक्यात इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर केला तर? खुबा मोडलेल्या रुग्णांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पूर्ण भूल आणि मणक्यातली भूल यांत भ्रमाचं, म्हणजे ऑपरेशननंतर अचानक भान सुटून माणूस गोंधळण्याचं, प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे भुलीच्या प्रकारावरून घरात वाद घालण्यापेक्षा रुग्ण कोणत्या अवस्थेत ऑपरेशनला चाललाय, ते पाहावं, असं मला वाटतं.

आधीपासून थोडा विसर पडत असेल, तर धोका सर्वांत जास्त. गंमत अशी की तो घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण ठरलेल्या दिनक्रमात तो झाकला जातो. अर्धांगाचा झटका, पार्किन्सन्स, नैराश्य, खंगलेलं शरीर, दारू, हेही धरा. दारूचं तर डॉक्टरांना खरं सांगाच. अचानक बंद झाली की त्यातूनही भ्रम होतो.

गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा. झोपेच्या काही गोळ्या आणि झोप आणणारी सर्दी-खाजेची काही जुनी औषधं वृद्धांचा मेंदू गोंधळवतात. पण वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. ऑपरेशननंतर चष्मा, श्रवणयंत्र, कवळी लवकरात लवकर परत मिळावी. दिसत नाही, ऐकू येत नाही, वर रात्रभर दिवा चालू. धडधाकट माणूसही गोंधळेल. दुखणं अंगावर काढायला लावू नका. पाणी, लघवी, शौच यांकडे लक्ष असू द्या, आणि डॉक्टरांची परवानगी मिळताच उठवून बसवा.

नळ्या ओढणारा, ओरडणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. निपचित पडून राहणारा, विचारलं तर हळूच “हं” म्हणणारा रुग्णही भ्रमात असू शकतो, आणि तो नेमका सुटतो. “आजी किती शांत आहेत,” असं कुणी कौतुकानं म्हणालं, तर सांगा: “एरवी ती अशी नसते, कालपासून बदललीय. डॉक्टरांना बोलवा.”